तांब्याभर पाणी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी मुलगी नेहमीप्रमाणे माहेरी आली. ओवाळणी झाली, फराळाची ताटे रिकामी झाली. आता घरात सुस्त, समाधानी शांतता पसरणार, असे मला वाटत होते. पण स्वयंपाकघरातून मायलेकींच्या वादाचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने दोघीही माझ्या आरामखुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, "अण्णा, आता तुम्हीच हिला सांगा." नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच आईला सांगा." घरातल्या म्हाताऱ्याची किंमत अशा वेळी एकदम वाढते, आणि ती वाढली की त्याने सावध व्हावे, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

नात माहितीपट करते. कुंभारांवर तिने एक केला होता, उसतोडणी कामगारांवर एक. ते दोन्ही आम्ही घरी सर्वांनी मिळून कौतुकाने पाहिले होते. आता एका चित्रपथकाबरोबर युद्ध चालू असलेल्या एका देशात जाण्याची संधी तिला आली होती. मुलीचा विरोध दुहेरी होता. पहिला जिवाच्या भीतीचा. त्यावर कोणत्याच आजोबांपाशी उत्तर नसते. दुसरा मात्र वेगळा होता. ती म्हणाली, "आणि तिथं जाऊन ही करणार काय? समोर माणसं मरत असतील आणि ही त्यांची चित्रं घेणार! हे काय माणुसकीचं काम झालं?"

मी दचकलो. तिने प्रश्न लेकीला विचारला होता; पण तो साठ वर्षांहून अधिक काळ माझ्याच दारात उभा आहे, हे तिला ठाऊक नव्हते. त्याची हकीकत पुढे सांगतो.

मी विचाराला वेळ मागितला. जाताना नातीने दोन चित्रपट माझ्यासाठी ठेवले आणि म्हणाली, "हे बघा आजोबा, मग बोलू." मी म्हणालो, "अगं, मला नाही ते बघवणार. तू सांग, मी ऐकतो." ती काही बोलली नाही. नुसती हसली.

ते हसणे मला पुढे दोन महिने टोचत राहिले. मग एके रात्री झोप येईना म्हणून महाभारत उघडले आणि भीष्मपर्वाच्या आरंभीच माझे मलाच मी सापडलो. व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, तुला युद्ध पाहायचे असेल तर मी दृष्टी देतो. तो म्हणतो, आप्तांचा संहार पाहण्याची मला इच्छा नाही. पण तो सगळा ऐकावा असे मात्र वाटते. जन्मांध राजाला डोळे मिळत होते आणि त्याने ते नाकारले. मग व्यासांनी ती दृष्टी संजयाला दिली. आपण लहानपणापासून संजयाचे कौतुक ऐकत आलो आहोत. धृतराष्ट्राच्या त्या एका वाक्याकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नव्हते. मी भाऊबीजेला नातीला तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, ऐकवले होते.

दुसऱ्या दिवशी मी चित्रपट लावला.

तो अफगाणिस्तानातला होता. कोरेंगल नावाचे एक अरुंद, खडकाळ खोरे आहे. तिथल्या अमेरिकी सैनिकांच्या एका तुकडीबरोबर 2007 आणि 2008 या वर्षांत दोन माणसे वरचेवर जाऊन राहिली: टिम हेदरिंग्टन हा इंग्लिश छायाचित्रकार आणि सेबॅस्टियन युंगर हा अमेरिकी लेखक. तुकडीच्या सुरुवातीच्याच काळात मारल्या गेलेल्या रेस्ट्रेपो नावाच्या शुश्रूषक सैनिकाचे नाव सोबत्यांनी डोंगरावरच्या चौकीला दिले होते; तेच चित्रपटाचे नाव. चित्रपटात कोणी निवेदक नाही, सेनापतींची भाषणे नाहीत, युद्ध बरोबर की चूक याची चर्चा नाही. पोती भरणारी, चेष्टामस्करी करणारी, घाबरणारी आणि मित्र पडल्यावर हमसून रडणारी विशी-बाविशीतली पोरे आहेत.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सैनिकांनी गावातली एक गाय मारलेली असते. काटेरी तारांत अडकून ती जखमी झाली होती, असे त्यांचे म्हणणे. गावातले वृद्ध भरपाई मागायला डोंगर चढून चौकीवर येतात. त्यांना पैसे हवे असतात. त्यांना सांगण्यात येते की पैसे मिळणार नाहीत. गायीच्या वजनाइतके तांदूळ, घेवडा आणि साखर मिळेल. कॅमेरा कोणाचीच बाजू घेत नाही. तो त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहत राहतो. ज्याच्या गोठ्यातली गाय गेली आहे त्याला तांदळाचे पोते दाखवले तर काय वाटेल, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. एवढे मोठे युद्ध मला त्या एका गायीतून जितके समजले तितके वर्तमानपत्रांतून कधी समजले नव्हते.

मग मी या हेदरिंग्टनविषयी मिळेल ते वाचत गेलो. तो 1970 साली जन्मला, ऑक्सफर्डला साहित्य शिकला आणि मग कॅमेऱ्याकडे वळला. पश्चिम आफ्रिकेत त्याची काही वर्षे गेली. सिएरा लिओनमध्ये, युद्धातून उठलेल्या त्या देशात, तो एका अंधशाळेत पुन्हा पुन्हा जात राहिला आणि तिथल्या मुलांची छायाचित्रे त्याने घेतली. ती चित्रे त्या मुलांना कधीच दिसणार नव्हती. 2003 साली लायबेरियात बंडखोरांच्या बाजूला राहून त्याने तिथल्या यादवी युद्धाचे चित्रण केले. तिथे एका वैद्यकीय मदतनिसावर हेरगिरीचा संशय घेऊन बंडखोर त्याला ठार मारायला निघाले. तेव्हा हेदरिंग्टन मध्ये पडला, त्याने विनवण्या केल्या आणि त्या माणसाचा जीव वाचवला. पाहणारा माणूस त्या घटकेला पाहणारा राहिला नाही.

लायबेरियातले युद्ध संपल्यावर जगाचे कॅमेरे दुसरीकडे गेले. हा तिथेच राहिला. सुरक्षा समितीने लायबेरियावर जे निर्बंध घातले होते त्यांच्या चौकशीपथकात त्याने काम केले आणि 2009 साली त्या देशावर पुस्तक प्रसिद्ध केले.

कोरेंगलमध्येही गोळीबार थांबला की त्याचे खरे काम सुरू होई. सैनिक झोपले की तो त्यांची छायाचित्रे घेई. युंगरने सांगितले आहे की, हे काय चालवलेस असे विचारल्यावर हेदरिंग्टन म्हणाला, झोपेत ही पोरे लहान मुलांसारखी दिसतात. यांच्या आयांना ती अशीच दिसत असतील. हे वाचले तेव्हा मला माझी मुलगी आठवली. नातीच्या झोपलेल्या चेहऱ्यावर तिने रात्री कितीदा पांघरूण ओढले असेल! तिचा विरोध त्या पांघरुणातून आलेला होता, हे विसरून तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण मग पदरात काय पडले? हा प्रश्न व्यवहारी माणूस विचारणारच, आणि तो विचारावाही. एप्रिल 2010 मध्ये अमेरिकी सैन्याने कोरेंगल खोरे सोडून दिले. ज्या टेकडीसाठी ती पोरे मेली ती तशीच मागे टाकून सगळे निघून गेले. चित्रपटाने एकही गोळी थांबवली नव्हती. त्याला बक्षिसे मिळाली, फेब्रुवारी 2011 मध्ये ऑस्करच्या समारंभात नामांकन मिळालेला म्हणून हेदरिंग्टन हजर होता, आणि त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच, 20 एप्रिल 2011 रोजी, लिबियातल्या मिस्राता शहरात तोफेच्या माऱ्यात तो गेला. वय चाळीस. संजयाला व्यासांचा वर होता की शस्त्रे तुला इजा करणार नाहीत; आणि तरीही युद्धाच्या शेवटी सात्यकीने त्याला पकडून ठार करायला घेतलेच होते, व्यास स्वतः आडवे आले म्हणून तो सुटला. हेदरिंग्टनला कोणाचा वर नव्हता.

दुसरा चित्रपट युक्रेनमधल्या मारिउपोलचा. मस्तिस्लाव चेर्नोव आणि असोसिएटेड प्रेसचे त्याचे सहकारी 24 फेब्रुवारी 2022 रोजी, रशियाचे हल्ले सुरू होण्याच्या जेमतेम तासभर आधी, त्या शहरात पोचले आणि वीस दिवस तिथे राहिले. शहराला वेढा पडला; वीज, पाणी, दूरध्वनी बंद पडत गेले. यातला एक प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. रस्त्यात एक बाई रडत उभी असते. कुठे जावे तिला कळत नाही. चेर्नोव तिला धीर देतो की घरी जा, तळघरात बसा, सामान्य नागरिकांवर ते गोळीबार करणार नाहीत. तासाभरात तिच्याच भागात गोळे पडतात. पुढे एका आसऱ्याच्या जागी ती बाई त्याला पुन्हा दिसते. तो तिच्याजवळ जातो आणि घरी जा असे सांगितल्याबद्दल तिची क्षमा मागतो. हे तो चित्रपटातून सहज कापून टाकू शकला असता. त्याने ठेवले.

आणि दुसरा प्रसंग रुग्णालयातला. एका लहान मुलीला वाचवण्याची धडपड चाललेली असते. ती वाचत नाही. तिथला डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहून संतापाने म्हणतो, हे दाखवा, या मुलीचे डोळे आणि हे रडणारे डॉक्टर त्या सत्ताधाऱ्याला दाखवा. मी तिथे चित्रपट थांबवला. माझ्या मुलीने विचारले होते, हे माणुसकीचे काम आहे का. ज्याचे हात त्या क्षणी खरोखरच जखमेवर होते त्याने उत्तर दिले होते. कॅमेरा घेतलेला माणूस आपल्या कामात लुडबूड करतो आहे असे त्याला वाटले नाही. आपल्या हातून जे निसटले त्याची साक्ष तरी उरावी, असे त्याला वाटले.

साक्षीची गरज किती होती ते लवकरच दिसले. 9 मार्चला तिथल्या प्रसूतिगृहावर बाँब पडला. झोळीवरून नेल्या जाणाऱ्या एका जखमी गर्भवतीचे चित्र जगभर गेले. ती आणि तिचे बाळ दोघेही दगावले. रशियाच्या बाजूने सांगण्यात आले की हा सगळा बनाव आहे. मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारायची ही रीत आहे: तू मेलासच नाहीस, असे त्याला सांगायचे. तेव्हा कोणीतरी तिथे उभा राहून पाहिलेले असणे, हे लहान काम नव्हे. पाहणे हेही कृत्य आहे, आणि कधी कधी धाडसाचे.

इथे थांबलो असतो तर नातीला मी त्याच दिवशी होकार कळवला असता. पण चेर्नोवच्या दोन गोष्टी मला थांबू देईनात. मारिउपोलमधून निघताना, सुटका झाल्याच्या कृतज्ञतेबरोबर, आपण हे सोडून चाललो याची लाज वाटली, असे त्याने लिहिले आहे. आणि मार्च 2024 मध्ये ऑस्कर हातात घेऊन तो म्हणाला की हा चित्रपट मला करावाच लागला नसता तर बरे झाले असते. बक्षीस घेताना लाज वाटणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. आता ती माझी हकीकत सांगतो. ती मी घरातही कोणाला सांगितली नव्हती.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. मी चौदा वर्षांचा होतो. आमचा वाडा उंचावर, पाणी तिथवर आले नाही. माझ्या मामाकडे एक डबा कॅमेरा होता. एका रिळात आठ फोटो. दुसऱ्या दिवशी मामाने तो मला दिला आणि मी शनिवार पेठेत गेलो. सगळीकडे चिखल, पडलेल्या भिंती, चिखलात रुतलेली भांडी. एका ओट्यावर एक म्हातारी ओले गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. ऊन तिरपे तिच्या तोंडावर आले होते. मी फोटो काढला. कळ दाबल्याचा आवाज झाला तसे तिने वर पाहिले आणि म्हणाली, "काढलास बाळा फोटो? आता तांब्याभर पाणी आणशील का?"

ज्या गावात काल घरे बुडाली होती त्या गावात आज प्यायला पाणी नव्हते. नळ बंद पडले होते. आमच्या वाड्यात आड होता. "आणतो आजी," म्हणून मी पळालो. वाटेत मामा भेटला. तो म्हणाला, अजून तीन फोटो शिल्लक आहेत ना, चल नदीकडे. मी गेलो. रीळ संपवून घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हातारीला कोणीतरी पाणी दिलेच असेल, असे मी मनाला सांगितले. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, कारण आता जायची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी तर ती तिथे असेलच कशाला, असा विचार केला.

फोटो फार चांगला आला. शाळेच्या भित्तिपत्रकात 'पूरग्रस्त वृद्धा' या नावाने लागला. ड्रॉइंगच्या मास्तरांनी पाठ थोपटली, वर्षअखेर मला एक पुस्तक बक्षीस मिळाले. तिने पाणी मागितले होते हे फोटोत कुठेच दिसत नव्हते. त्यानंतर मी कॅमेरा हाती धरला नाही. लोकांना वाटे, आवड गेली.

इतकी वर्षे मी माझा अपराध चुकीच्या जागी शोधत होतो, असे आता मला वाटते. आपण फोटो काढला हेच पाप, असे मी धरून चाललो होतो. म्हणून मुलीचा प्रश्न मला एवढा लागला. पण ती म्हातारी फोटोवर रागावली नव्हती. फोटो काढून घ्यायला तिची ना नव्हती. तिने एक साधा हिशेब सांगितला होता: तू माझ्याकडून काही घेतलेस, आता मला काही दे. मी दिले नाही. माझी चूक पाहण्यात नव्हती. परत न जाण्यात होती.

या दोघांत आणि माझ्यात फरक पडतो तो इथे. लायबेरियातली लढाई संपल्यावर हेदरिंग्टन मागे राहिला. कोरेंगलचे सैनिक खोऱ्यातून बाहेर पडल्यावर तो आणि युंगर त्यांच्या इटलीतल्या तळावर पुन्हा गेले, त्यांना एकेकट्याला समोर बसवून बोलू दिले. चित्रपटातले सगळ्यात हलवून टाकणारे भाग तेच आहेत. चेर्नोव त्या बाईकडे परत गेला आणि चुकलो म्हणाला. आणि मित्राच्या मृत्यूनंतर युंगरने काय केले पाहा. हेदरिंग्टन रुग्णालयाच्या वाटेवर रक्त वाहून गेला. जवळ कोणी जाणते असते तर कदाचित वाचता, हे युंगरला कळले. 2012 साली त्याने एक संस्था काढली. युद्धभूमीवर स्वतंत्रपणे जाणाऱ्या पत्रकारांना ती प्रथमोपचार विनामूल्य शिकवते. पट्टी कशी बांधायची, रक्त कसे थोपवायचे. कॅमेरा धरणाऱ्या हातांना दुसरेही काही यायला हवे, हा त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, ज्याने हजार चेहरे टिपले तो हजारांकडे परत कसा जाणार? नाही जाऊ शकणार. पण ज्याचा चेहरा घेतला त्याचे आपण देणे लागतो, हे मनात जागे असेल तर काम बदलते. त्याचे बोलणे कापताना कात्री जरा थबकते. त्याच्या दुःखावर आपले नाव छापताना संकोच होतो. आणि समोर कधी तांब्याभर पाण्याचीच गरज असेल, तर कॅमेरा खाली ठेवायला वेळ लागत नाही.

संक्रांतीला मायलेकी दोघींना मी बोलावून घेतले. म्हातारीची गोष्ट सांगितली. मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अण्णा, हे तुम्ही इतकी वर्षं..." आणि पुढे बोलली नाही. नातीला मी म्हणालो, "जा. पण आधी जखम बांधायला शीक. आणि ज्यांना टिपशील त्यांच्याकडे एकदा तरी परत जा. कॅमेरा न घेता गेलीस तरी चालेल." आईची भीती काही यामुळे गेली नाही. ती जाणारही नाही, आणि तिने ती लपवावी असे मी म्हणणार नाही.

नातीने तिळगूळ हातावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, मी करून आणलं तर तुम्ही बघाल ना? की सांगू नुसतं?"

"बघेन," मी म्हणालो.

या अंकाची पाने आपण उलटत असाल तेव्हा आमच्या दारात कंदील लागलेला असेल. नात या दिवाळीला घरी नाही. तिची आई या वर्षीही भाऊबीजेला येईल; या खेपेला एकटीच. तिच्या ताटात मी नातीच्या वाटणीच्या चार चकल्या जास्त वाढणार आहे. संध्याकाळी नातीने पाठवलेला पहिला तुकडा आम्ही दोघे मिळून पाहायचे ठरवले आहे. मुलगी म्हणते, मला नाही बघवणार. मी तिला म्हटले आहे, माझ्या शेजारी बस.